कृत्रिम सांध्यालगत मोडलेली मांडी : उपचार आणि दक्षता

झिजलेला खुब्याचा अथवा गुडघ्याचा सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता केवळ महानगरांतील सधन माणसांपुरती राहिलेली नाही. मावळ तालुक्यात लोणावळा, तळेगाव दाभाडे आणि वडगाव येथेच नव्हे, तर पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या खोऱ्यांतील खेड्यांतूनही असा सांधा बसविलेली वडीलधारी माणसे भेटतात. कोणाची शस्त्रक्रिया पुण्यात झालेली असते, कोणाची मुंबईत. नोकरीचा काळ मुंबईत घालवून निवृत्तीनंतर लोणावळा-खंडाळ्याच्या हवेत येऊन राहिलेल्यांची संख्याही लहान नाही. जी माणसे काठी टेकीत, वेदना सोशीत घरात बसून होती, ती या शस्त्रक्रियेमुळे पुन्हा बाजारहाट करू लागली, शेताच्या बांधापर्यंत जाऊ लागली. ही वैद्यकशास्त्राची मोठीच देणगी होय.

तथापि, या देणगीबरोबर एक नवे दुखणेही आले आहे. कृत्रिम सांधा बसविलेली व्यक्ती पाय घसरून पडली, तर पुष्कळदा धातूचा सांधा शाबूत राहतो आणि त्याला लागून असलेले मांडीचे हाड मोडते. पहिल्यांदा खुबा बदललेल्यांमध्ये हे प्रमाण सर्वसाधारणपणे शंभरांत एकाच्या आसपास मानले जाते. बसविलेला सांधा काढून दुसऱ्यांदा सांधा घातलेल्यांमध्ये मात्र ते त्याच्या कित्येक पट असते. रोग्यांची संख्या थोडी वाटली तरी त्याचे गांभीर्य थोडे नाही. असा अस्थिभंग झालेल्या वृद्धांपैकी वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण खुब्याच्या नेहमीच्या अस्थिभंगाइतकेच चिंताजनक असते आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. म्हणूनच या दुखापतीचे स्वरूप डॉक्टरांप्रमाणे गावातील जाणत्या मंडळींनीही समजून घेणे आवश्यक आहे.

सांधा कसा बसविलेला असतो?

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड आहे. त्याचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कमरेच्या हाडातील खळगीत फिरते. हा खुब्याचा सांधा. खालचे टोक रुंद असून ते नडगीच्या हाडावर टेकते. हा गुडघ्याचा सांधा.

खुबा बदलताना वरचा गोल भाग काढून टाकतात. हाडाच्या पोकळीत धातूचा एक लांब दांडा ठोकून किंवा विशिष्ट सिमेंटच्या साहाय्याने घट्ट बसवितात. दांड्याच्या माथ्यावर नवा गोळा आणि कमरेच्या खळगीत नवी वाटी, अशी ही रचना असते. इंग्लंडमधील रायटिंग्टन येथील रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा व विशिष्ट प्लॅस्टिकची वाटी यांची जोडी यशस्वी केली आणि तेथून या शस्त्रक्रियेचा जगभर प्रसार झाला. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूची टोपी बसवितात आणि नडगीच्या हाडावर प्लॅस्टिकचा थर असलेली धातूची बैठक बसवितात. पुण्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा गुडघा विकसित केला, ही आपल्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे.

हाड नेमके तेथेच का मोडते?

याचे उत्तर शेतकऱ्याला सहज पटेल असे आहे. फावड्याचा लाकडी दांडा मोडतो तो बहुधा मध्यावर नव्हे, तर जेथे लोखंडी भाग संपतो आणि नुसते लाकूड सुरू होते, तेथे. लोखंड वाकत नाही, लाकूड थोडे वाकते. दोहोंच्या सीमेवर सारा ताण एकवटतो. मांडीच्या हाडातील धातूचा दांडा जेथे संपतो तेथे हेच घडते. गुडघ्याच्या धातूच्या टोपीच्या लगेच वर असलेला हाडाचा भागही याच कारणाने दुबळा ठरतो.

त्यात वार्धक्याची भर पडते. हाडांतील घट्टपणा कमी होऊन ती विरळ व ठिसूळ होण्याचा विकार स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यानंतर झपाट्याने वाढतो. संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, आहारातील प्रथिनांची उणीव आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही हाडे कमजोर होतात. अशा हाडाला मोडण्यास मोठा अपघात लागत नाही. उभ्या उभ्या तोल जाऊन पडणेही पुरेसे होते.

तिसरे कारण अधिक छुपे आहे. वर्षानुवर्षांच्या हालचालीने सांध्यातील प्लॅस्टिक झिजते. त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर शरीरातील पेशी तुटून पडतात आणि त्या प्रक्रियेत भोवतालचे हाडही खाल्ले जाते. खुंट्याभोवतीची माती वाहून जावी आणि खुंटा हलू लागावा, तसा दांडा सैल होतो. ही झीज पुष्कळदा वेदनेविना चालते. यास्तव काही त्रास नसला तरी सांधा बसविलेल्या व्यक्तीने शल्यविशारदाने सांगितलेल्या मुदतीने तपासणीस जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले पाहिजे.

पहिला प्रश्न : धातू घट्ट आहे की सैल?

साध्या अस्थिभंगात हाड कोठे व कसे मोडले, हे पाहून उपचार ठरतात. कृत्रिम सांध्यालगतच्या अस्थिभंगात मात्र तेवढ्याने भागत नाही. हाडात बसविलेला धातू अजून घट्ट आहे की सैल झाला आहे, हा येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. धातू सैल असताना केवळ मोडलेले हाड जोडले, तर ती जोडणी बहुधा टिकत नाही. उलट धातू घट्ट असताना तो उगाच काढावयास जाणे म्हणजे रोग्यावर मोठी शस्त्रक्रिया लादणे होय.

कॅनडातील व्हँकुव्हर येथील डंकन आणि मस्री या शल्यविशारदांनी १९९५ साली खुब्यालगतच्या अस्थिभंगांचे जे वर्गीकरण मांडले, ते याच विचारावर आधारलेले आहे. पहिल्या वर्गात हाडाच्या वरच्या टोकाचे उंचवटे मोडलेले असतात. दुसऱ्या वर्गातील अस्थिभंग दांड्याभोवती किंवा त्याच्या टोकाशी असतो. दांडा घट्ट असणे, दांडा सैल असणे, आणि दांडा सैल असून हाडही खराब झालेले असणे, असे त्याचे तीन पोटभेद आहेत. तिसऱ्या वर्गात दांड्याच्या बऱ्याच खाली हाड मोडलेले असते. जगभरातील अस्थिशल्यविशारद आजही हे वर्गीकरण वापरतात.

धातूची स्थिती ओळखण्यासाठी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत संपूर्ण मांडीची, समोरून व बाजूने अशी क्ष-किरण चित्रे काढतात. आवश्यकता भासल्यास सी.टी. स्कॅनही करतात. शस्त्रक्रियेनंतरची जुनी चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर दांडा खाली सरकला आहे काय, हे चटकन उमगते. रोग्याला विचारावयाचा एक साधा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे : पडण्यापूर्वी मांडीत किंवा गुडघ्यात दुखत होते काय, विशेषतः बसून उठताना पहिली पावले टाकतेवेळी? उत्तर होकारार्थी असेल, तर सांधा आधीपासूनच सैल असण्याचा संभव असतो. क्वचित सांध्यात जंतुसंसर्गही दडलेला असतो. त्याची शंका आल्यास रक्त व सांध्यातील द्रव तपासून घ्यावा लागतो.

खुब्यालगतच्या अस्थिभंगाचे उपचार

दांडा घट्ट असेल तर तो जागेवर ठेवूनच हाड जोडले जाते. त्यासाठी हाडाच्या बाहेरील बाजूस धातूची लांब पट्टी बसवितात. दांड्याने पोकळी व्यापलेल्या भागात नेहमीचे स्क्रू आरपार जाऊ शकत नाहीत. तेथे हाडाभोवती मजबूत तारा आवळतात आणि हाडाच्या एकाच कडेत बसणारे आखूड स्क्रू वापरतात. दांड्याच्या खालच्या भागात मात्र स्क्रू नेहमीप्रमाणे आरपार बसतात. ज्या पट्टीत स्क्रूची डोकी आट्यांनी पक्की बसतात, तशा पट्ट्यांमुळे ठिसूळ हाडातही पकड चांगली मिळते. पट्टी दांड्याच्या टोकाच्या वरपर्यंत जाईल इतकी लांब घ्यावी लागते, अन्यथा दोन धातूंच्या मध्ये उघडा राहिलेला हाडाचा तुकडा पुन्हा ताणाखाली येतो.

दांडा सैल असेल तर तो काढून अधिक लांबीचा नवा दांडा घालणे हा सर्वसाधारणपणे मान्य उपाय आहे. नवा दांडा मोडलेल्या जागेच्या खाली, हाडाच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतर जाऊन निरोगी हाडात रुतला पाहिजे, असा संकेत आहे. तोच दांडा मोडलेल्या हाडाला आतून सळईसारखा आधार देतो आणि बाहेरून तारा आवळून तुकडे एकत्र ठेवतात.

सैल दांड्याबरोबर हाडही पोखरलेले असेल तर काम अवघड होते. कधी दात्याच्या हाडाचा आधार द्यावा लागतो, तर कधी मांडीच्या हाडाचा वरचा खराब भाग काढून त्या जागी धातूचाच मोठा भाग बसवावा लागतो. हाडाच्या वरच्या टोकाचा लहानसा उंचवटा जागेवरून न हलता मोडला असेल, तर मात्र पुष्कळदा शस्त्रक्रियेविना, चालण्यावर काही काळ निर्बंध घालून भागते.

गुडघ्यालगतच्या अस्थिभंगाचे उपचार

गुडघ्याच्या वरचे हाड मोडले असून तुकडे जागेवर असतील, तर काही रोग्यांना आधारपट्टा लावून ठेवता येते. परंतु वृद्धाला अनेक आठवडे खाटेवर खिळवून ठेवणे धोक्याचे असल्याने बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच इष्ट ठरते. धातूची टोपी घट्ट असल्यास दोन मार्ग आहेत. एक, मांडीच्या बाहेरील बाजूने पट्टी बसविणे. दुसरा, गुडघ्यातून वरच्या दिशेने हाडाच्या पोकळीत सळई घालणे. सळईचा मार्ग मोकळा आहे की नाही, हे बसविलेल्या टोपीच्या रचनेवर अवलंबून असते. काही प्रकारांत मध्यभागी वाट असते, काहींत ती बंद असते. म्हणूनच कोणत्या बनावटीचा गुडघा बसविला होता, ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी हाती असणे फार महत्त्वाचे आहे. टोपीच सैल झाली असेल किंवा अगदी टोकाशी हाडाचा चुरा झाला असेल, तर हाडाचे खालचे टोक काढून तेथे मोठा कृत्रिम भाग बसवितात. त्याचा लाभ असा की, हाड जुळून येण्याची वाट न पाहता रोग्याला लवकर उभे करता येते.

एकाच पायाचा खुबा व गुडघा दोन्ही बदललेले असतील आणि मधले हाड मोडले, तर दोन्ही धातूंना स्पर्शून जाईल अशी लांब पट्टी योजावी लागते. असे काम सांधेबदलाचा आणि अस्थिभंगाचा, दोन्हींचा अनुभव असलेल्या पथकानेच करावयाचे असते.

पडल्यानंतरचे पहिले काही तास

मांडीचे हाड मोडले असता आतल्या आत बराच रक्तस्राव होऊ शकतो. बाहेर जखम दिसत नाही म्हणून दुखापत किरकोळ समजणे घातक ठरेल. पहिल्या महायुद्धात मोडलेली मांडी टॉमस स्प्लिंटने वेळीच स्थिर करण्याची पद्धत रूढ झाल्यावर या दुखापतीने मरणाऱ्या सैनिकांचे प्रमाण लक्षणीय घटले, हा इतिहास आहे. पाय हलू न देणे हाच पहिला उपचार होय.

यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

रोग्याला उभे करून 'पाय टेकतो का' हे पाहू नये. पाय ओढू नये, चोळू नये, शेकू नये. हाडवैद्याकडून मांडी बसवून घेण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. आत धातू असलेल्या मोडक्या हाडाची ओढाताण झाल्यास रक्तवाहिन्यांना इजा पोहोचू शकते.

दोन्ही पायांच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवून दुखरा पाय चांगल्या पायाला रुंद कापडी पट्ट्यांनी बांधावा. लांब फळी मिळाल्यास ती काखेपासून घोट्यापर्यंत बाहेरील बाजूने लावावी. गाठी मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नयेत. पाऊल गरम आहे की गार पडत आहे आणि बोटे हलतात की नाही, हे मधून मधून पाहावे. उघडी जखम असल्यास स्वच्छ कापडाने झाकावी.

मावळातील डोंगरावरच्या वाड्यांतून रोग्याला झोळीत घालून आणण्याची जुनी रीत आहे. या दुखापतीत झोळी टाळावी, कारण तीत शरीर कमरेत वाकते. बाज, रुंद फळी किंवा काढलेले दार वापरून रोग्याला सपाट स्थितीत रस्त्यापर्यंत आणावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. दूरध्वनी करताना गावाबरोबर वाडीचे नाव आणि रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकेल ती खूण अवश्य सांगावी. डॉक्टरांनी तपासेपर्यंत रोग्याला खाण्यास काही देऊ नये.

कोठे न्यावे? खर्चाचे काय?

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात वेदनाशमन, पाय स्थिर करणे आणि रक्तदाबाची काळजी या गोष्टी होऊ शकतात. पुढील उपचारासाठी मात्र सांधा पुन्हा बदलण्याची सोय, रक्तपेढी व अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय हवे. तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पिंपरीत महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्यात शासनाचे ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. निघण्यापूर्वी 'खुब्यात किंवा गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे आणि त्याच्यालगत हाड मोडले आहे' हे स्पष्ट सांगून तेथे ती शस्त्रक्रिया होते काय, याची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी. एका रुग्णालयातून दुसऱ्यात असे भटकण्यात मोलाचे तास वाया जातात.

सोबत न्यावयाची कागदपत्रे अशी : आधीच्या शस्त्रक्रियेचे निर्गमन पत्र, सांध्याची बनावट व माप दर्शविणारी चिकटपट्टी, जुनी क्ष-किरण चित्रे, चालू औषधांची यादी आणि शिधापत्रिका व आधारपत्र. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास ती आवर्जून सांगावीत, कारण त्यांवर शस्त्रक्रियेची वेळ ठरते. मुंबईत सांधा बसविलेला आणि लोणावळ्यात पडलेला रोगी पुण्यात दाखल होतो, तेव्हा हेच कागद त्याच्या वतीने बोलतात.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. आवश्यक ती शस्त्रक्रिया योजनेत बसते काय, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमतींवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ पासून नियंत्रण आणले आहे.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला की फुप्फुसाचा दाह, पाठीला जखमा, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या आणि मनाची उदासीनता ही संकटे पाठोपाठ येतात. यास्तव शक्य तितक्या लवकर रोग्याला उठवून बसवितात आणि चालण्याच्या चौकटीच्या आधाराने उभे करतात. पायावर किती भार द्यावयाचा, हे मात्र जोडणीच्या प्रकारावर अवलंबून असते. त्याबाबत शेजाऱ्यांचा सल्ला न मानता शल्यविशारदाचे ऐकावे. हाड सांधण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. या काळात डाळी, दूध, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार, नियमित व्यायाम आणि हाडांच्या ठिसूळपणावर डॉक्टरांनी दिलेले उपचार यांत खंड पडता कामा नये. एक हाड मोडले हा दुसरे मोडण्याचा इशारा समजावा.

पडूच नये म्हणून

लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंगण, पायऱ्या, मोरी, शौचालयाची वाट यांवर चार महिने शेवाळ धरते. वृद्धांच्या दृष्टीने हाच खरा अपघाताचा हंगाम होय. शेवाळ खरवडून काढणे, वाटेवर खरबरीत फरशी किंवा जाड वाळू टाकणे, मोरीत व शौचालयात हाताला धरण्याजोगी दांडी बसविणे आणि रात्री दिव्याची सोय ठेवणे, हे उपाय स्वस्त आहेत. त्यांची किंमत एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे. मोतीबिंदूवर वेळीच उपचार करणे, झिजलेले चपलांचे तळ बदलणे, झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी भोवळ येत असल्यास डॉक्टरांना सांगणे, यांचेही तितकेच महत्त्व आहे. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम ही संस्था योगाचे कार्य करीत आहे आणि परिसरात योगाची आवड आहे. तोल सावरण्याचे व्यायाम वृद्धांना हितकर असतात. परंतु खुबा बदललेल्यांनी मांडी घालून बसण्याची किंवा खोल वाकण्याची आसने शल्यविशारदास विचारल्याशिवाय करू नयेत.

गावाने काय करावे?

स्वीडनने १९७५ साली गुडघ्याच्या आणि १९७९ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. कोणता सांधा किती काळ टिकतो, हे त्या नोंदींमुळे जगाला समजू लागले. आपल्या गावाला एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नाही. गावात कृत्रिम सांधा बसविलेली माणसे किती, त्यांची शस्त्रक्रिया केव्हा व कोठे झाली आणि कागद घरात कोठे ठेवले आहेत, एवढी यादी आशा सेविकेच्या मदतीने, त्या त्या कुटुंबाच्या संमतीने, एका दिवसात तयार होईल. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना घरातील आजी-आजोबांची ही कागदपत्रे एका पिशवीत एकत्र ठेवण्यास सांगावे. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी सार्वजनिक पायऱ्या, पाणवठे आणि शौचालयांच्या वाटांची पाहणी हा विषय घ्यावा. वाडीपासून रस्त्यापर्यंत रोगी नेण्यासाठी एक सपाट स्ट्रेचर ग्रामपंचायतीत ठेवता येईल.

शल्यविशारदाचे कौशल्य रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते. त्या दारापर्यंत रोगी किती लवकर, किती सुस्थितीत आणि कोणत्या माहितीनिशी पोहोचतो, हे गावाच्या हाती आहे. पाय हलू न देता आणि कागद हाती घेऊन आणलेल्या रोग्याला पुन्हा आपल्या पायांवर उभे राहण्याची संधी अधिक मिळते. ही संधी आपल्या वडीलधाऱ्यांना मिळवून देणे प्रत्येक ग्रामपंचायतीला साध्य आहे.